तुटलेल्या साखळ्यांसमोर

ब्रिजटाउनला जहाज थांबले. सहप्रवासी समुद्रकिनारी गेले. आम्ही मुलांसह मुक्तिपुतळा पाहण्यास निघालो. १९८५ साली उभारलेल्या या पुतळ्याच्या मनगटांवरून तुटलेल्या साखळ्या लोंबतात. बार्बाडोसचे लोक त्याला ‘बुसा’ म्हणतात. १८१६ च्या गुलामांच्या बंडाच्या नायकाचे हे नाव. बंड चिरडले गेले. १८३४ साली कायद्याने गुलामगिरी संपली, तरी ‘उमेदवारी’च्या नावाखाली सक्तीची मजुरी १८३८ पर्यंत चालली.

कायदा आणि मुक्ती यांतील हे अंतर आम्हांला परके नाही. पाणवठे खुले करणारा बोले ठराव १९२३ चा. तरीही १९२७ साली बाबासाहेबांना चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला.

“साखळ्या तुटल्या, मग हातांवर कशाला ठेवल्या?” धाकटीने विचारले.

“विसर पडू नये म्हणून,” आम्ही म्हणालो. परदेशात वाढणाऱ्या आमच्या लेकरांना महाड सांगण्याचे कारणही तेच आहे.