उताणं झोपण्याचे दिवस

शाळकरी वयापासून मी पालथा झोपत आलो. छाती गादीत दाबून धरली की ती कुणाला दिसत नाही आणि हळूहळू स्वतःलाही तिचा विसर पडतो. शस्त्रक्रियेनंतर पालथं झोपायला बंदी आली, कुशीवर वळायलाही. पाठीखाली उशांची उतरंड, डोकं आणि खांदे उंच, हात अंगालगत, आणि छाती सरळ छताकडे. इतकी वर्षं जे झाकलं तेच आता सगळ्यांत वर. पहिल्या रात्री वेदना औषधानं आवाक्यात होती. झोप उडवली ती या उघडेपणानं.

पुरुषाच्या छातीतही स्तनाची ग्रंथी असते, ही गोष्ट आपण सगळे जगतो आणि कुणीच बोलत नाही. नवजात मुलग्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांच्या छातीत आईच्या इस्ट्रोजेनमुळे लहानशा गाठी येतात आणि काही आठवड्यांत विरून जातात. वयात येताना शरीरातल्या संप्रेरकांचा तोल काही काळ डळमळतो आणि निम्म्याच्या आसपास मुलांना पुन्हा तीच गाठ हाताला लागते, दुखते, शर्टाला घासते. बहुतेकांची वर्ष-दोन वर्षांत ओसरते. उतारवयात ती कित्येकांना पुन्हा भेटते. काही औषधांनी, यकृताच्या किंवा थायरॉइडच्या दुखण्यानंही ती वाढते, म्हणून डॉक्टर आधी रक्त तपासतात. डॉक्टरांच्या भाषेत याला गायनेकोमॅस्टिया म्हणतात. माझ्या तपासण्यांत कुठलंच कारण निघालं नाही, बहुतेकांचं निघत नाही. ती आली आणि राहिली, एवढंच. पळून, जोर मारून, उपास करून चरबी उतरली. ग्रंथी चरबीची नसते, ती जागची हलली नाही.

आमचं गाव कोल्हापूरच्या बाजूचं. छत्रपती शाहू महाराजांनी 1912 साली खासबागचं कुस्तीचं मैदान उभारलं, त्या मैदानाच्या गोष्टी ऐकत आमच्याकडची पोरं मोठी होतात. वडील तरुणपणी तालमीत जायचे. तेल, ताक, हळद घालून मळलेली लाल माती, त्यात लंगोट कसून उतरलेली उघडी अंगं. आमच्याकडे पुरुषाची छाती ही मुळात दाखवायची गोष्ट. विहिरीवर पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोरं पोहायला शिकायची, पाण्यातून वर येऊन कठड्यावर ओळीनं उन्हात बसायची. मी कपडे सांभाळायला बसायचो. मे महिन्यात शर्टाच्या आत गंजी, गंजीच्या आत आणखी एक घट्ट गंजी. दोन खिशांचे, गडद रंगाचे, चौकड्यांचे शर्ट. दप्तर पाठीला न लावता पोटाशी. आणि खांदे पुढे, पाठीला पोक, म्हणजे कापड छातीवरून मोकळं लोंबेल. पुढं नोकरी लागली, घरात लग्नाचा विषय निघू लागला, तेव्हा कुठल्याही मुलीचा फोटो पाहण्याआधी मला हळदीचा पाट दिसायचा आणि त्यावर सगळ्या गावासमोर उघड्या अंगानं बसलेला मी.

ही ग्रंथी काढायच्या शस्त्रक्रियेला लोक हौस समजतात. हौसेसाठी कुणी इतकी वर्षं विहिरीच्या कठड्यावर कपडे राखत बसत नाही.

ही शस्त्रक्रिया नव्या काळाची, नव्या पैशाची चैनही नाही. सातव्या शतकात एजिनाच्या पॉल या ग्रीक वैद्यानं पुरुषाची वाढलेली छाती कापून कमी करण्याची रीत लिहून ठेवली. त्यानंतर कोर्दोबाच्या अल-झहरावीनंही ती सांगितली. मला हे वाचताना वैद्यांपेक्षा त्यांच्यापुढे बसलेल्या माणसांची जास्त आठवण आली. भूल नसताना, आपल्या पायांनी चालत जाऊन त्या माणसांनी सुरीखाली छाती धरली असेल. किती झाकून झालं असेल त्यांचं, किती उन्हाळे!

आज भूल आहे. 1946 साली वेबस्टर या सर्जननं स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या कडेनं अर्धगोल छेद घ्यायची पद्धत मांडली. तिथं कातडीचा रंग मुळातच बदलतो, त्यामुळे व्रण त्या कडेत मिसळून जातो. आधी बारीक नळीनं चरबी ओढून घेतात, मग त्या छेदातून ग्रंथी सोडवतात. पण सगळी नाही. स्तनाग्राच्या खाली तिची एक चकती मुद्दाम राखतात, नाहीतर तिथं खड्डा पडतो. काढून टाकायला आलेल्या गोष्टीचाही एक तुकडा जपावा लागतो, हे मला डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून समजावलं होतं.

शुद्धीवर आलो तेव्हा छातीभोवती घट्ट जाकीट होतं आणि दोन्ही बाजूंनी एकेक रबरी नळी निघून छोट्या डब्यांत उतरली होती. रात्रभर सिस्टर ठरावीक वेळानं येऊन दोन्ही बाजू हातानं चाचपत होत्या. पहिल्या चोवीस तासांत आत रक्त साठण्याची भीती सगळ्यांत जास्त, एक बाजू अचानक फुगली किंवा तिथली कळ वाढली तर पुन्हा टेबलावर घ्यावं लागतं. तेराव्या वर्षापासून ज्या जागेला मी कुणाचा हात लागू दिला नव्हता तिथं एक अनोळखी बाई निर्विकारपणे, काळजीनं हात ठेवत होती आणि वहीत काहीतरी लिहून पुढच्या खाटेकडे जात होती. तिच्या लेखी तो फक्त एक अवयव होता, बरा होत असलेला. तशा नजरेनं मला स्वतःला कधी पाहता आलं नव्हतं.

घरी आल्यावर वडिलांनी नळ्यांचं काम आपल्याकडे घेतलं. सकाळ-संध्याकाळ डबे मोकळे करायचे, मापात ओतून किती मिलिलिटर ते लिहायचं. त्यासाठी त्यांनी दुधाच्या हिशोबाची वही घेतली आणि मागच्या पानांवर दोन रकाने पाडले, डावी आणि उजवी. पहिल्यांदा लाल, मग गुलाबी, मग फिकट पिवळसर. आकडा घसरत तीसेकच्या खाली आला की नळी काढायची, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आकडा उतरला की वडील तो स्वयंपाकघरात आईला ओरडून सांगायचे. आई अळणी करून द्यायची, मटणाचं बिनतिखटाचं पाणी, आमच्याकडे आजाऱ्याला आणि बाळंतिणीला देतात तसं.

हात खांद्यांच्या वर न्यायचे नव्हते. केस विंचरायचे तर मान खाली घालून, आणि डोक्यातून घालायचे कपडे बंद. वडीलच मला शर्ट घालायचे, आधी एक बाही, मग पाठीमागून फिरवून दुसरी, मग समोर बसून खालून वर बटणं. त्यांची बोटं जाड, बटणं लहान. एकदा मधल्या बटणापाशी थांबून ते म्हणाले, ‘‘तालमीत चल म्हणत हुतो तवा का येत न्हवतास, ते आत्ता कळलं.’’

मी काही बोललो नाही. बटण लावून झाल्यावर तेच पुढं बोलले. ‘‘आमच्या तालमीत एक पोरगं हुतं. बंडी न काढता मेहनत करायचं. सगळी हसायची. मीबी हसलोय. मग ते यायचंच बंद झालं.’’ आणि थोड्या वेळानं, ‘‘कुठं असंल आता, कुणास ठाऊक.’’

त्या दुपारी मी छताकडे पाहत त्या मुलाचा खूप विचार केला. त्याच्यासाठी मला रडू आलं. स्वतःसाठी ते इतक्या वर्षांत आलं नव्हतं.

सुश्रुतसंहितेत बांधायच्या पट्ट्यांचे चौदा प्रकार सांगितले आहेत. छाती, पोट आणि पाठ यांसाठी विबंध. शेजारीशेजारी असलेल्या दोन जखमांना एकत्र बांधणारा तो यमक. जखम बांधणं ही शल्यविद्येची अर्धी बाजू आहे, हे या देशातल्या वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. माझं जाकीटही तेच काम करत होतं. कातडी खालच्या स्नायूला चिकटवून ठेवायची, मधल्या पोकळीत पाणी साचू द्यायचं नाही. महिना-दीड महिना रात्रंदिवस ते अंगावर असतं. घट्ट गंजीची मला सवय होतीच. पण ती गंजी लपवण्यासाठी होती आणि हे जाकीट भरून येण्यासाठी, त्यामुळे त्याचा ताण मला वेगळा लागायचा. श्वास घेताना ते दाबायचं आणि मला धीर वाटायचा.

तिसऱ्या दिवसाच्या आसपास ड्रेसिंग बदलताना पहिल्यांदा छाती पाहिली आणि मन खचलं. ती सुजलेली होती, जवळपास पूर्वीइतकीच. डॉक्टरांनी समजावलं, सूज याच दिवसांत सगळ्यांत जास्त असते, खरा आकार कळायला तीन ते सहा महिने लागतात. स्तनाग्रं बधिर होती, बोट लावलं तरी कुणा दुसऱ्याचं अंग वाटायचं. कापल्या गेलेल्या बारीक नसा सावकाश वाढतात, कधी मुंग्या येतात, कधी विजेसारखी कळ. रक्ताचे डाग मात्र रोज रंग बदलत होते. जांभळा, मग हिरवट, मग पिवळा. हिमोग्लोबिन मोडतं तेव्हा आधी हिरवं द्रव्य तयार होतं, मग पिवळं, आणि त्यातलं लोह शरीर राखून पुन्हा नव्या रक्तासाठी वापरतं. जमिनीच्या ओढीनं ते डाग बरगड्यांवरून पोटाकडे उतरत गेले. आत पेशी आपापल्या वेळेला येत होत्या, काही सफाईला, काही धागे विणायला. मी काहीही करत नव्हतो. ज्या शरीराचा मी इतकी वर्षं राग राग केला ते माझ्याकडून एका शब्दाची अपेक्षा न ठेवता मला सांधत होतं.

एक गोष्ट मात्र ते आपणहून करणार नव्हतं. मी उठून चालू लागलो तसे खांदे आपोआप पुढे आले. छातीवर टाके, त्यामुळे आक्रसणं साहजिक, पण हे आक्रसणं टाक्यांच्या कितीतरी आधीचं होतं. पहिल्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, हात वर नका करू, पण खांदे सैल सोडा, ताठ चाला, आता पोक सोडायला हरकत नाही. ताठ उभं राहायला मला खरंच शिकावं लागलं. दोनचार पावलांत खांदे पुन्हा पुढे यायचे, मी पुन्हा मागे न्यायचो. ग्रंथी काही तासांत निघाली होती. तिच्याभोवती मी घडवलेला माणूस तसाच उरला होता, आणि त्याच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. त्यानं जमेल तसं मला सांभाळलं होतं. त्याला रोज थोडं थोडं, समजुतीनं सरळ करायचं होतं.

हे सगळं लिहितोय ते ज्यांच्या घरात आठवी-नववीतला मुलगा आहे त्यांच्यासाठी. तो एकाएकी पोहायला नको म्हणू लागला, उन्हाळ्यात दोन दोन कपडे घालू लागला, पोक काढून चालू लागला, तर त्याला आळशी किंवा लाजाळू ठरवण्याआधी त्याच्याजवळ बसा. सांगा की या वयात निम्म्या मुलांना हे होतं, बहुतेकांचं जातं, न गेलं तर डॉक्टरांना दाखवू, आणि लागलंच तर उपायही आहे. त्याला हसणाऱ्या पोरांनाही सांगा. तेराव्या वर्षी कुणी मला एवढं सांगितलं असतं तर शस्त्रक्रिया कदाचित टळली नसती. पण मधले उन्हाळे मी विहिरीत पोहण्यात घालवले असते.