बुडालेले व्हायोलिन

आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि गेली काही वर्षे किंग क्रिम्झन या इंग्लिश रॉक बँडच्या जुन्या मैफली एकत्र बसून ऐकतो. वेतन आयोगाच्या थकबाकीतून दोघांत मिळून त्यांचे दोन संच घेतले, तेव्हा घरच्यांचा प्रश्न रास्तच होता : तेच गाणे वीस वेळा कशाला ऐकायचे? पाठचिकित्सा शिकवणाऱ्याजवळ या प्रश्नाचे उत्तर तयार असते. एका ग्रंथाच्या अनेक पोथ्या का पाहायच्या? तर एकीने गाळलेले दुसरीत सापडते म्हणून. हे उत्तर आम्ही बरेच दिवस समाधानाने देत होतो. जे सापडेल त्याची झळ आपल्यालाही लागू शकते, हे मात्र ध्यानात आले नव्हते.

'द रोड टू रेड' हा २४ तबकड्यांचा संच २०१३ मध्ये निघाला आणि 'स्टारलेस' हा २७ तबकड्यांचा संच २०१४ मध्ये. दोन्ही मिळून १९७३ च्या अखेरीपासून १९७४ च्या जूनपर्यंतचा प्रवास कळतो. वादक चार : गिटारवर रॉबर्ट फ्रिप, बेस आणि गायन जॉन वेटन यांचे, ड्रमवर बिल ब्रुफर्ड आणि व्हायोलिनवर डेव्हिड क्रॉस. काही मैफली मल्टिट्रॅक फितींवरून घेतलेल्या, काही थेट मिक्सरवरून, तर काही श्रोत्यांत बसलेल्या कोणी चोरून टिपलेल्या. पोथ्यांप्रमाणे येथेही प्रतींची प्रतवारी आलीच. शिवाय हा बँड प्रत्येक रात्री काही भाग पूर्वतयारीशिवाय, तिथल्या तिथे रचत असे. त्यामुळे कोणत्याच रात्रीला मूळ संहिता म्हणता येत नाही.

२३ नोव्हेंबर १९७३ रोजी ॲमस्टरडॅमच्या कॉन्सर्टखेबाऊ या सभागृहात अशीच एक रचना आकाराला आली. व्हायोलिनने हळुवार सूर धरला, बेस आणि मेलोट्रॉन त्याच्या बाजूने चालू लागले आणि ब्रुफर्ड काठ्या छातीशी धरून शेवटपर्यंत बसून राहिले. पुढे १९७४ च्या 'स्टारलेस अँड बायबल ब्लॅक' या अल्बममध्ये टाळ्या काढून टाकून ही रचना 'ट्रिओ' या नावाने घेतली गेली आणि रचनाकारांत एकही ठोका न वाजवणाऱ्या ब्रुफर्ड यांचेही नाव आले. मौन हाही रचनेतला वाटा असू शकतो, हे वर्गात समजावून सांगायला आम्हांला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही.

परंतु अल्बम येथे थांबतो, संच थांबत नाही. १९७४ च्या अमेरिकेतील मैफली क्रमाने ऐकताना आमच्यांत एकदा वाद झाला. एकाचे म्हणणे, ध्वनिमुद्रण सदोष आहे, व्हायोलिन ऐकूच येत नाही. दुसऱ्याने पुढची मैफल लावली, मग त्यापुढची. दोष यंत्राचा नव्हता. बेस आणि ड्रम रात्रीगणिक अधिक दांडगे होत गेले होते, गिटार त्यांना पुरून उरत होती आणि व्हायोलिन त्या गदारोळाखाली बुडत चालले होते. कोणी वैर धरलेले ऐकू येत नाही. उलट बाकीचे तिघे कधी नव्हे इतके उत्तम वाजवत आहेत, आणि नेमके तेच अस्वस्थ करणारे आहे. दौरा संपला आणि 'रेड' या अल्बमचे काम सुरू होण्यापूर्वीच क्रॉस बँडबाहेर गेले होते. त्या अल्बमवर त्यांचे नाव पाहुण्या वादकांत आहे. १९७५ च्या 'यूएसए' या मैफलीच्या अल्बममध्ये तर काही ठिकाणी त्यांच्या व्हायोलिनच्या जागी एडी जॉब्सन यांचे व्हायोलिन नंतर भरण्यात आले. १९९२ मध्ये 'द ग्रेट डिसीव्हर' हा चार तबकड्यांचा संच आला, तेव्हा प्रॉव्हिडन्स येथील ३० जूनच्या मैफलीत क्रॉस यांचा स्वतःचा सूर पुन्हा ऐकू आला. फ्रिप ज्या संस्थेचे एक संस्थापक आहेत, त्याच संस्थेने पुढचे मोठे संच काढले. ज्यांच्या आवाजाखाली तो सूर बुडाला त्यांतल्याच एकाने हे दप्तर उघडे केले, याचे आम्हांला मोल वाटते.

मोल वाटण्याचे कारण आमच्या विभागात आहे. तेथे आमचे एक ज्येष्ठ सहकारी होते. बैठकीत ते म्हणत, "सर, तुमचे झाले की मी बोलतो." आमचे होत नसे. अभ्यासक्रम, परिसंवाद, ग्रंथखरेदी अशा प्रत्येक विषयावर आम्हां दोघांना पुष्कळ म्हणायचे असे आणि ते चांगलेच असे, अशी आमची खात्री होती. मुदतीआधीच त्यांनी निवृत्ती घेतली. निरोपसमारंभात आम्ही त्यांच्या मितभाषी स्वभावाचे कौतुक केले. त्यांचे मौन ब्रुफर्डसारखे स्वेच्छेचे होते, असेच आम्ही धरून चाललो होतो.

तो वाद झाला त्या रात्रीनंतर आम्ही विभागाची जुनी इतिवृत्ते काढून पाहिली. बहुतेक आमच्याच अक्षरांत आहेत. पानोपानी एकच वाक्य : ठराव सर्वानुमते मंजूर. तिथे चोरून टिपलेलीसुद्धा दुसरी प्रत नाही, की जिच्यात त्यांचा आवाज शोधावा. ग्रंथातील गाळलेले पाठ हुडकायला विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या आम्ही आमच्या हाताने एक अल्बम तयार करून ठेवला होता.

परवा धीर करून त्यांना फोन केला. बराच वेळ आम्हीच बोलत राहिलो. मग एकाला भान आले आणि आम्ही थांबलो. पलीकडे क्षणभर शांतता होती.

"बोला सर," ते म्हणाले, "मी ऐकतो आहे."