गाडी ट्रेलरवर चढवावी की रस्त्याने न्यावी?

अलीगढची नोकरी पक्की झाली आणि घरातले सामान ट्रकने पाठवायचे हे लगेच ठरले. अडले ते अब्बांच्या गाडीवर. चिपळूण ते अलीगढ अंतर सुमारे दीड हजार किलोमीटर. जाणार आम्ही चौघे: आम्ही दोघे, आठवीतली मुलगी आणि पंचाहत्तरीच्या अम्मी. अम्मींचे गुडघे धरलेले, शिवाय दिवसातून दोनदा इन्सुलिन.

नातेवाईकांचा पहिला सल्ला होता, गाडी विकून टाका आणि तिकडे दुसरी घ्या. पण २०२१च्या जुलैत वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले तेव्हापासून चिपळूणची जुनी गाडी म्हटली की गिऱ्हाईक आधी सीट उचलून खाली चिखल शोधते. आमची वॅगनआर त्या दिवशी उंचावर लावलेली होती, तिला पाणी लागले नाही. तरी तो भाव लावायला कोणी तयार नव्हते.

दुसरे म्हणजे, गाडी आमची एकट्याची नव्हतीच. अब्बांच्या मागे राहिलेली प्रत्येक वस्तू सगळ्या वारसांची. गॅरेजवाल्याकडून किंमत काढली, २ लाख ४० हजार. अम्मींचा आठवा हिस्सा ३० हजार, दोघी बहिणींचे प्रत्येकी ५२ हजार ५००, भावाचे १ लाख ५ हजार. बहिणी म्हणाल्या, राहू द्या, आम्हाला नको. पण आधी रक्कम त्यांच्या हाती दिली. मग त्यांनी काय करायचे ते त्यांनी ठरवावे. लाजेखातर सोडलेला हिस्सा आणि खुशीने सोडलेला हिस्सा यांत फरक असतो आणि आपल्या घरांत तो फारसा कोणी पाहत नाही.

कागदांचे काम गाडी कशीही नेली तरी सारखेच. आरसी अब्बांच्या नावावर असेपर्यंत पुढे काहीच हलत नाही. वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म ३१, ते झाल्यावर विम्याच्या पॉलिसीवरचे नाव, मग रत्नागिरीच्या आरटीओकडून ना हरकत प्रमाणपत्रासाठी फॉर्म २८, त्यावर चासी नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून जास्त राहणार असेल तर तिथला नंबर घ्यावा लागतो, तिथला कर भरावा लागतो आणि इथे भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो. हे सगळे निघण्याआधी दोन महिने सुरू करावे.

ट्रेलरवाल्याने १७ हजार सांगितले. त्याच्या अटी ऐकून घेण्यासारख्या होत्या. गाडी आपणच महामार्गापर्यंत आणून द्यायची, कारण एवढा मोठा ट्रेलर मोहल्ल्याच्या गल्लीत येत नाही. टाकीत पेट्रोल थोडेच ठेवायचे, आत सामान ठेवायचे नाही, किलोमीटरचा आकडा आणि जुने ओरखडे कागदावर लिहून दोघांनी सह्या करायच्या. वाटेतल्या नुकसानीचा विमा वेगळा, तो लेखी मागावा लागतो. तारीख मात्र तो देईना. ट्रेलर भरला की निघणार, आठ दिवस लागतील, बारा लागतील.

मग दोन्हींचा हिशेब मांडला. ट्रेलरचे १७ हजार आणि चौघांचे एसीचे रेल्वे तिकीट साडेआठ हजार, म्हणजे साडेपंचवीस. रस्त्याने पेट्रोल १० हजार, टोल अडीच, तीन मुक्काम ९ हजार, खाणेपिणे ५, साडेसव्वीस. हजाराच्या फरकावर काय ठरवणार?

कोकण रेल्वेवरून जाणारी मंगला एक्स्प्रेस आग्र्याला थांबते, तिथून अलीगढ नव्वदेक किलोमीटर. आम्हाला वाटत होते की अम्मींना बर्थवर आडवे होऊन जाणे सोयीचे. त्यांना विचारले तर म्हणाल्या, "झोपायची सोय आहे रे, पण हलत्या डब्यात उठायचं कसं, वुजू करायचा कसा?" थोड्या वेळाने हळूच म्हणाल्या, "आणि गाडीने गेलो तर जाताना कबरस्तानपाशी दोन मिनिटं थांबता येईल."

त्यानंतर आम्ही हिशेबाचा कागद पुन्हा काढला नाही.

रस्त्याने जायचे तर घाई करायची नाही, एवढे ठरवले. मे महिना होता. फजर पढून निघायचे, उन्हे चढली की मुक्काम, रोज चारशेच्या आसपास. नाशिक, इंदूर, शिवपुरी अशा तीन रात्री. इन्सुलिन बर्फाच्या पिशवीत, पण बर्फाला थेट लागणार नाही असे फडक्यात गुंडाळून. उभ्या गाडीत ती पिशवी एक मिनिटही सोडायची नाही, ही जबाबदारी मुलीची. तिघे सफरीला निघाले तर एकाला अमीर करावे ही शिकवण मुलीनेच आठवण करून दिली आणि दादीचे नाव सुचवले. त्यामुळे गाडी कुठे थांबेल हे चालवणारा नाही, अम्मी ठरवत होत्या. तासा-दीड तासाने थांबलो. आम्ही शाफई, तेव्हा जोहर आणि असर मुक्कामावर एकत्र, दोन-दोन रकात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ही सवलत किती मोठी आहे ते त्या चार दिवसांत कळले.

कबरस्तानच्या भिंतीबाहेर थांबलो ते दोन मिनिटे नव्हे, बराच वेळ. अम्मी काच खाली करून बसल्या होत्या, सलाम केला, दुआ केली. मग स्वतःच म्हणाल्या, "चला."

बिजासनच्या घाटात ट्रकांमागे तासभर गेला. खलघाटला नर्मदा, मुरैन्यापुढे चंबळ. धौलपूरला राजस्थानचा छोटासा तुकडा लागतो तो मुलीने नकाशात आधीच शोधून ठेवला होता. चौथ्या दिवशी दुपारी अलीगढला पोहोचलो. जोहर पढलो, सामान उतरवले, आता हेच घर. थोड्या वेळाने अम्मींनी विचारले, "असर पूर्ण ना आता?" होय म्हटले. इकडे बहुतेक मशिदी हनफी, असरची अजान आपल्याहून तासभर उशिरा होते. अम्मींनी तिची वाट पाहिली नाही. ट्रकमधून आलेल्या खुर्चीवर बसून त्यांनी चार रकात पढल्या.