सिग्नल गेला तर?

विमानं मोडतात, रेडिओ राहतो. थर्माकोलची दोन-तीन विमानं जमीनदोस्त झाली तरी हातातला ट्रान्समीटर तोच असतो. त्यामुळे रेडिओवर विमानं उडवायच्या या छंदात डोकं लावून करायची पहिली खरेदी विमानाची नाही, रेडिओची. नवखी पोरं विचारतात, "काका, किती चॅनलचा घेऊ? रेंज किती मिळेल?" मी उलट विचारतो, "तुला शिकवणार कोण? आणि सिग्नल गेला तर विमान काय करणार?"

चॅनलचा हिशेब सोपा आहे, एका हालचालीला एक. थ्रॉटल, एलेव्हेटर, एलेरॉन आणि रडर मिळून चार. पुढे फ्लॅप आणि आत ओढून घेता येणारी चाकं धरली तरी सहा पुरतात. रेंजचं म्हणाल, तर मीटरभर पंखांचं विमान चार-पाचशे मीटरवर गेलं की ते येतंय की जातंय हेच कळेनासं होतं. साधा रेडिओही त्याच्या पुढे पोचतो. नजर आधी संपते.

शिकवणाऱ्याचा प्रश्न मोडचा आहे. मोड २ मध्ये थ्रॉटल डाव्या स्टिकवर, मोड १ मध्ये तिथेच एलेव्हेटर. मोड १ वर हात बसलेल्या माणसाच्या हाती तुमचा मोड २ चा रेडिओ ऐन संकटात दिलात, तर तो नाक वर करायला डावी स्टिक मागे खेचेल आणि मोटर बंद पडेल. अशा वेळी बोटं डोक्याला विचारत नाहीत. म्हणून ज्यांच्यासोबत उडवणार त्यांचाच मोड घ्यावा, आणि जमलं तर त्यांच्या रेडिओला ट्रेनर केबलने जोडता येईल असाच रेडिओ. चूक दिसली की गुरुजी स्विच सोडतात आणि विमान त्यांच्या ताब्यात जातं.

पूर्वी क्रिस्टलचा जमाना होता, रेडिओची फ्रिक्वेन्सी त्यावर ठरायची. दोघांची फ्रिक्वेन्सी एक असली की दुसऱ्याने नुसता रेडिओ चालू केला तरी पहिल्याचं विमान कोसळायचं. भारतात २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला. आताचे रेडिओ त्या पट्ट्यात सतत जागा बदलत राहतात, त्यामुळे दहा जण एकत्र उडवू शकतात. एक्सप्रेसएलआरएस या लांब पल्ल्याच्या रेडिओ-पद्धतीचे ९०० मेगाहर्ट्‌झचे मॉड्यूलही मिळतात. पण आपल्याकडे ८६५ ते ८६८ एवढाच तुकडा मोकळा आहे आणि अमेरिकेतल्या ९१५ च्या आसपास इथे मोबाइल चालतात. पहिल्या रेडिओला २.४ च बरा.

आता सिग्नलचं. मी आधी प्रॉपेलर काढतो, थ्रॉटल अर्ध्यावर नेतो आणि ट्रान्समीटर सरळ बंद करतो. मोटर लगेच थांबली पाहिजे. फिरतच राहिली, तर रिसीव्हर शेवटचा हुकूम धरून बसलाय. हवेत असतं तर विमान गेलंच म्हणायचं. आणि जाणार कुठे? आम्ही दिल्लीत उडवतो : इकडे पालम, तिकडे हिंडन, मध्ये सफदरजंग, तिन्ही विमानतळ. २०२१ च्या ड्रोन नियमांच्या नकाशात दिल्लीचा बराचसा भाग लाल आहे. हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत उडवता येतं, विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या टापूत २०० च. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीच्या आगेमागे पोलिसांची बंदी असते ती वेगळी. त्यामुळे फेलसेफ, म्हणजे सिग्नल जाताच मोटर थांबवणारी सेटिंग, लावल्याशिवाय इथे कुणी विमान सोडू नये. रिसीव्हर ट्रान्समीटरशी नव्याने जोडला (बाइंड केला) की ही तपासणीही नव्याने करावी.

एवढं कळलं की नावांचा घोळ राहत नाही. हात राखून खर्च करायचा असेल तर फ्लायस्कायचा एफएस-आय६. थोडे जास्त पैसे असतील तर २.४ चा एक्सप्रेसएलआरएस असलेला रेडिओमास्टर. तो यूएसबीने कॉम्प्युटरला जोडून सिम्युलेटरवर हात बसवता येतो. जानेवारीत दुपारपर्यंत धुकं हटत नाही आणि जूनमध्ये मैदानावर उभं राहवत नाही, तेव्हा निम्मं शिक्षण घरातच होतं. उरलेल्या पैशांत दोन जादा रिसीव्हर घ्यावेत.

आणि घेण्याआधी दुकानदाराला सांगावं : एक सर्वो जोडा, फेलसेफ लावा, ट्रान्समीटर बंद करून दाखवा. एवढं करायला जो कंटाळेल, त्याच्याकडून चार्जरसुद्धा घेऊ नये.