गुण्यात न येणारा पत्रा

दोन मीटरची पट्टी वाकवली. डाव्या टोकाला गुण्या लावला, बरोबर ९०. उजव्या टोकाला लावला तर ९२. पट्टी उलटी करून पाहिली, चष्मा पुसून पाहिलं, गुण्याच वाकडा असेल म्हणून शेजारच्या सुताराचा आणला. उत्तर तेच.

नागपूर-अमरावती रस्त्यावर, जिथून एकीकडे आर्वीचा आणि दुसरीकडे आष्टीचा रस्ता फुटतो, त्या आमच्या तळेगावात मी फेब्रुवारीत कूलरच्या बॉडीचं वर्कशॉप टाकलं. शिक्षण बी.कॉम., घरी संत्र्याची बाग. विदर्भात उन्हाळा आहे तोवर कूलर खपणारच, एवढंच माझं गणित. हाताच्या फोल्डिंगवर वेळ जातो म्हणून नागपूरहून जुनं अडीच मीटरचं हायड्रॉलिक प्रेस ब्रेक आणलं. वरून पंच खाली येतो, पत्र्याला व्ही आकाराच्या डायमध्ये दाबतो, पत्रा वाकतो. यात शिकायचं ते काय!

शिकायचं होतं ते हे : पंच डायच्या तळाला टेकतच नाही. तो अधांतरी थांबतो, आणि किती खाली थांबला त्यावर कोन ठरतो. १ मिलिमीटरच्या पत्र्याला त्याच्या आठपट, म्हणजे ८ मिलिमीटरची व्ही लागते. त्या व्हीत पंच ०.१ मिलिमीटर जास्त उतरला तर कोन जवळपास दीड अंशाने बदलतो. ०.१ मिलिमीटर म्हणजे साधारण कागदाची जाडी. हे कळलं त्या रात्री मला झोप नाही. पंच धरणाऱ्या रॅमची दोन टोकं कागदाएवढी वरखाली झाली की कूलरच्या ताटीला फट पडणार, आणि गिऱ्हाईक ती फट बोटाने दाखवणार.

मग रॅम ढकलणाऱ्या दोन्ही सिलिंडरांचे, रॅम कुठे थांबायचा ते ठरवणारे स्टॉपर फिरवत बसलो. डावं जमलं की उजवं बिघडे. शेवटी टोकांना दोन सारखे तुकडे वाकवून, मोजून, एका वेळी एकच स्टॉपर किंचित फिरवायचा हे हाताला बसलं. पत्रा ज्याला टेकवतात ते मागचं बॅक गेजही त्याच्या दोन्ही बोटांपासून डायपर्यंत मोजलं. तिथला एक मिलिमीटरचा फरक मी आठवडाभर मशीनच्या नावाने खपवत होतो.

एप्रिलमध्ये ट्रॅक्टर ट्रॉलीच्या पल्ल्यांचं काम आलं, ३ मिलिमीटर पत्रा. आता दोन्ही टोकं ९० आणि मधोमध कोन उघडा! जोर वाढला की डायखालचा बेड मध्ये खाली दबतो, रॅम वर फुगतो, म्हणून मधला कोन उघडा राहतो. त्यातून जुन्या मशीनवर सगळे बारके तुकडे मधोमधच वाकवतात, म्हणून डायही तिथेच झिजलेली. उपाय अगदी गावठी : डायखाली मधोमध कागदाच्या पट्ट्या. मागच्या वर्षीचं कॅलेंडर त्यात गेलं. मध्ये तीन थर, टोकांकडे कमी कमी. मला वाटलं, झालो मी मिस्त्री.

श्रावणात पुन्हा तेच. डावं ९०, उजवं ९२. स्टॉपर हलले नव्हते, डाय तीच, पत्र्याचा लॉटही तोच. तेल बदललं, सील बदलले, पैसे गेले. शेवटी आर्वीहून एक म्हातारे मिस्त्री आले. त्यांनी रॅमकडे पाहिलंसुद्धा नाही. पिशवीतून लेव्हल काढली, बेडवर आधी लांबीत ठेवली, मग दोन्ही टोकांना आडवी. दोन टोकांचे बुडबुडे दोन दिशांना.

"मशीनच्या डोक्याले काहून पिळून राह्यला रे बावा? पायाखाली पाह्य न!"

"काका, पण सिमेंटचा कोबा आहे न!"

"अन् कोब्याखाली?"

कोब्याखाली काळी माती. मीच भरून घेतलेला कोबा, चार इंचांचा, मातीवरच. शेतकऱ्याच्या पोराला हे सुचू नये याची लाज अजून वाटते. उन्हाळ्यात ही माती भेगाळते, हात जाईल एवढी. पावसात पाणी पिऊन फुगते. पन्हाळीचं पाणी उजव्या बाजूला पडायचं, तिथली माती आधी फुगली, कोबा उचलला आणि मशीनला पीळ बसला. फेब्रुवारीत जमवलेलं सगळं मी कोरड्या जमिनीवर जमवलं होतं.

मशीनच्या पायांखाली शिमच्या पातळ पट्ट्या घालून पावसाळा काढला. दिवाळीनंतर मशीन हलवलं, काळी माती काढत मुरमापर्यंत खोदलं आणि सळया टाकून पाया भरला. खड्डा पाहून बाबा म्हणाले, "वीर खोदतं का?"

आता रोज सकाळी पहिली पट्टी तीन ठिकाणी मोजतो, आणि महिन्यातून एकदा लेव्हल ठेवून आकडा भिंतीवर खडूने लिहितो. श्रावणातल्या चुकलेल्या पत्र्यांचं मी बागेतलं मोटरघर झाकलंय. त्याच्या उजव्या कोपऱ्याला दोन अंशांची फट आहे, तिथून पाल ये-जा करते.