काकूंच्या डोळ्यांतील पाणी

होळकरांच्या काळापासून इंदुरात मराठी घरे आहेत. त्यांपैकीच एका, सुदामा नगरातील, घरी आमचे जाणे-येणे होते. घरच्या काकूंनी पन्नाशी नुकतीच ओलांडलेली. जेव्हा पाहावे तेव्हा त्यांचे डोळे पाण्याने भरलेले. थोरला मुलगा परदेशी गेलेला. तेव्हा माउली पुत्रविरहाने झुरत आहे असे आम्ही ठरवून टाकले आणि सांत्वनाचे चार शब्दही ऐकवले. त्यांनी ते मुकाट्याने ऐकून घेतले. मग पदराने डोळे टिपीत म्हणाल्या, "फादर, मी रडत नाही हो. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते. पण सांगायचे कुणाला?"

आम्ही ओशाळलो.

पुढे सुनेने त्यांना नेत्रतज्ज्ञांकडे नेले. पहिला प्रश्न पाळीविषयी आला, तेव्हा काकू चमकल्याच. पण संबंध आहे. रजोनिवृत्तीच्या वयात शरीरातील संप्रेरके घटतात आणि पापण्यांच्या कडेच्या सूक्ष्म तैलग्रंथी मंदावू शकतात. तेलाचा पातळ थर अश्रूंवर नसला म्हणजे ते लवकर वाळतात. डोळा चुरचुरतो, नजर मधूनच अंधुक होते. मग त्रासलेला डोळा एकदम पाणी ओततो, परंतु ते टिकत नाही. कोरड्या डोळ्यांतून पाणी वाहते ते असे!

उपाय साधे निघाले : कृत्रिम अश्रूंचे थेंब, मिटल्या पापण्यांवर कोमट कपड्याचा शेक, आणि टीव्ही वा मोबाइल पाहताना पापण्या मिटण्याची आठवण. शेजारणीने संप्रेरकांच्या गोळ्या सुचविल्या होत्या. अमेरिकेत 25,000हून अधिक स्त्रियांच्या पाहणीत (2001) मात्र अशा गोळ्या घेणाऱ्यांत, विशेषतः केवळ इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत, कोरड्या डोळ्यांचा त्रास अधिक आढळला. डोळ्यांसाठी म्हणून त्या मनाने घेऊ नयेत.

सुईत दोरा न ओवता येणे ही गोष्ट निराळी. ती चाळिशी, पुरुषांनाही चुकत नाही. काकू वर्षभर काकांचाच चष्मा लावून भागवीत होत्या. काचबिंदू त्याहून कपटी. बहुधा न दुखता तो नजर कडेने खात येतो, आणि गेलेली नजर परत येत नाही. डोळा एकाएकी ठणकून लाल झाला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, उलटी झाली, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे.

काकूंना काचबिंदू नव्हता. काकांची तपासणी अजून व्हायची आहे. येत्या सोमवारी काकूच त्यांना घेऊन जाणार आहेत.