पाणचक्कीच्या हौदाकाठी

आपाची मुलगी यंदा सातवीत आहे. तिच्या विज्ञानाच्या वहीत जलचक्राचे चित्र पाहिले. समुद्र, ढग, डोंगर, पाऊस, नदी, सगळे बाण निळ्या रंगात ठळक. जमिनीत उतरणारा बाण मात्र पेन्सिलीचा, अर्धवट सोडलेला. "हा का नाही रंगवलास?" म्हटले, तर म्हणाली, "मामू, ते पाणी पुढे कुठे जातं तेच कळत नाही. मग बाण कुठवर काढू?"

प्रश्न रास्त होता. आपाच्या घरी तर तो जास्तच रास्त. गेल्या पावसाळ्यात तिच्या धाकट्या मुलाला कावीळ झाली, पोरगं महिनाभर अंथरुणाला खिळलं. डॉक्टरांनी पाण्यावर बोट ठेवले. घरच्यांनी बाहेरची भेळ, शाळेतली टाकी, सगळ्यांना दोष दिला. घरच्या विहिरीवर कुणी शंका घेतली नाही. दुलाभाईंच्या अब्बांनी खोदलेली ती विहीर, पाणी गोड आणि काचेसारखे नितळ.

एका रविवारी मी भाचीला घेऊन औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला गेलो. पाऊस नुकताच ओसरला होता.

पाणचक्की म्हणजे बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याचा परिसर. आत शिरताच वडाच्या मोठ्या झाडाची सावली, पुढे लांबट हौद आणि उंच भिंतीवरून त्यात कोसळणारे पाणी. भाचीने आधी पंप शोधला. मग वायर शोधली. दोन्ही नाहीत म्हटल्यावर ती भिंतीकडे बघतच राहिली.

हे पाणी हर्सूलकडच्या उंच भागातून जमिनीखालच्या मातीच्या नळांतून येते. बंद नळातले पाणी जितक्या उंचावरून निघते, जवळजवळ तितकेच पुन्हा चढू पाहते. म्हणून इथे ते भिंतीत वर चढते आणि माथ्यावरून खाली पडते. त्याच जोरावर पाती फिरायची आणि दगडी जाते दळायचे. दर्ग्यात येणारे मुसाफिर, इथे शिकणारी मुले, अनाथ, सगळ्यांचे पीठ या पाण्याने दळले. हौदाखाली दालन आहे. डोक्यावर एवढे पाणी आणि आत उन्हाळ्यातही गारवा.

पाणचक्की अठराव्या शतकातली. पण या शहराला जमिनीखालून पाणी आणायचे वळण लावले ते मलिक अंबरने. हबशी मुलगा, गुलाम म्हणून विकला गेलेला, पुढे निजामशाहीचा पेशवा झाला. १६१० मध्ये त्याने खडकी गावी शहर वसवले. नावातच खडक! जवळ मोठी बारमाही नदी नाही, खाली काळा पाषाण. अशा जागी राजधानी करायची म्हणजे आधी पाण्याचे उत्तर हवे. ते उत्तर म्हणजे नहर-ए-अंबरी.

भाचीला मी हौदाच्या कठड्यावर बसवून तिची वही उघडायला सांगितले. तिच्या अर्धवट बाणाचा पुढचा प्रवास असा आहे. डोंगरावर पडलेला पाऊस मातीत मुरतो, मुरमातून आणि खडकाच्या भेगांतून खाली झिरपतो. घट्ट पाषाण लागला की थांबतो आणि उताराच्या दिशेने हळूहळू सरकू लागतो. मलिक अंबरच्या माणसांनी हे सरकणारे पाणी भुयारात गोळा केले आणि जमिनीच्या उतारानेच शहरात आणले. वर ऊन तापले तरी पाण्याची वाफ होत नाही, पाचोळा पडत नाही, जनावर तोंड घालत नाही. आज याच शहराला सुमारे पन्नास किलोमीटरवरच्या जायकवाडीतून पाणी चढावर पंपाने ढकलावे लागते, आणि त्या पसरट जलाशयातले कितीतरी पाणी ऊन आधीच उचलून नेते. नव्या योजना नकोत असे मी म्हणत नाही. लाखोंच्या शहराला नहर कशी पुरणार? पण वीज नसलेल्या काळातल्या माणसाचे हे गणित पाहून मान आपोआप लवते.

भाचीने ओंजळ भरली. "मामू, किती स्वच्छ आहे! पिऊ का?"

मी हात धरला. नहरीच्या वाटेवर आता घरे उठली आहेत. नळ जागोजागी फुटले आहेत, त्यात गटारे झिरपतात. माती गाळ अडवते, रंग अडवते, काही अंतर मिळाले तर जंतूही बरेच अडवते. पण खडकात भेगा रुंद असतील आणि घाण जवळच मुरत असेल, तर तेच पाणी जंतू घेऊन पुढे जाते, दिसायला मात्र नितळच. अशा पाण्याने कावीळ होते, विषमज्वर होतो. उकळल्याशिवाय ते प्यायचे नाही.

ती बराच वेळ गप्प होती. मी वुजू केला, तेव्हा मात्र तिने नळाकडे बोट दाखवले. बोलता बोलता मी तो सुरूच ठेवला होता. वाहत्या नदीकाठीही पाणी बेतानेच वापरावे, हे तिच्या दादीने तिला शिकवले आहे, मामूला बहुधा नाही.

परतताना बसमध्ये तिने बाण निळा केला. डोंगरातून निघून, खडकावरून सरकत, एका विहिरीपर्यंत. मग विचारले, "मामू, आपल्या संडासाचा खड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला आहे ना?"

घरी पोचल्यावर चप्पलही न काढता ती मागच्या अंगणात गेली. खड्ड्यापासून विहिरीपर्यंत पावले मोजली. तेरा भरली, तीही तिची पावले. पन्नास फूट तरी अंतर असावे, असे मी वाटेत सांगितले होते. दुलाभाई दारात उभे राहून पाहत होते. "अब्बांच्या वेळी तिथे खड्डा नव्हता," एवढेच म्हणाले.

रात्री आपाने चुलीवर मोठे पातेले चढवले. सकाळी दुलाभाईंनी विहिरीचे पाणी तपासायला द्यायला बाटली मागितली, आणि गवंड्याला निरोप धाडला.